पडद्यापलीकडची साठ माणसे

वाई,
ता. ९ जून

चि. मृणाल हीस,

तुझे पत्र आणि सोबतचा मसुदा पोहोचला. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत विषय सहायक म्हणून रुजू होताच चौथी-पाचवीच्या शिक्षकांसाठी अपूर्णांकांवरील ऑनलाइन सत्रे घेण्याची कामगिरी तुझ्यावर सोपवण्यात आली, आणि ती सत्रे केवळ शासकीय उपचार न ठरता शिक्षकांच्या खरोखर उपयोगी पडावीत अशी तळमळ तुझ्या अक्षराअक्षरांतून जाणवते, याचा मला मनापासून आनंद वाटला. मसुदा मी सावकाश वाचला. विषयाची मांडणी निर्दोष आहे, उदाहरणांची निवड विचारपूर्वक केलेली आहे, आणि कोणत्या मिनिटाला तू काय सांगणार याचा तपशील तर एखाद्या जमाखर्चाच्या वहीसारखा चोख आहे. मात्र त्या वहीत एक रकाना आखायचा राहिला आहे : तू बोलत असताना समोरचे साठ शिक्षक काय करीत असतील, हा. तो रकाना आधी भर, आणि तो भरून झाल्यावर जेवढा वेळ उरेल तेवढाच आपल्या बोलण्यासाठी राखून ठेव, हे माझे मुख्य सांगणे आहे. बाकीचे पत्र त्याच्याच विस्तारासाठी लिहीत आहे.

आपल्याकडे व्याख्यानाची परंपरा थोर आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात आरंभलेली वसंत व्याख्यानमाला आजही भरते, आणि ज्या समाजाने उन्हाळ्याच्या संध्याकाळी विद्वानांना ऐकायला जाणे हा आपला आनंद मानला, त्या समाजाविषयी मला अभिमानच वाटतो. परंतु सभागृहात बसलेला श्रोता वरवर दिसतो तितका निष्क्रिय कधीच नसतो. तो मान डोलावतो, शेजाऱ्याच्या कानाशी लागतो, पटले नाही तर भुवया उंचावतो, कंटाळला तर चुळबूळ करतो, आणि या साऱ्या खुणा क्षणोक्षणी वक्त्यापर्यंत पोहोचत असल्यामुळे जाणता वक्ता त्यांच्याच आधारे कोठे थांबायचे, कोठे आवरते घ्यायचे, कोठे दुसरा दृष्टांत द्यायचा हे ठरवीत असतो. ऑनलाइन सत्रात सर्वांचे आवाज बंद ठेवण्याचा शिरस्ता असल्याने ही परतीची वाटच बंद होते, वक्त्याला आपल्या बोलण्याचा परिणाम कळेनासा होतो आणि श्रोत्यालाही आपण असण्या-नसण्याने काही फरक पडत नाही हे पहिल्या दहा मिनिटांतच उमगते. त्यानंतर तो फोन टेबलावर पालथा घालून शालेय पोषण आहाराची नोंदवही पूर्ण करायला बसला, तर त्याला दोष देणे मला न्याय्य वाटत नाही.

या बाबतीत मला कीर्तनाची रचना फार बोधप्रद वाटते. नारदीय कीर्तनात नमन, मूळ पद आणि त्याचे निरूपण असा पूर्वरंग आटोपला की नामाचा गजर होतो, बुवांना बुक्का लावून हार घातला जातो, आणि मग उत्तररंगातल्या आख्यानाला आरंभ होतो. म्हणजे श्रोत्याचे चित्त जेथे थकण्याचा संभव, नेमके तेथेच त्याच्या कंठाला आणि हातांना काम मिळते, आणि ते काम कोणते, केव्हा व किती वेळ करायचे हे वहिवाटीने इतके पक्के झालेले असते की अगदी मागच्या रांगेतल्या संकोची माणसालाही त्यात सामील होताना अवघडल्यासारखे होत नाही. ‘कोणाला काही म्हणायचे आहे काय?’ असे बुवा कधी विचारीत नाहीत. ते पद सोडतात आणि सभा ते उचलते. तुझ्या मसुद्यात प्रत्येक सत्राच्या शेवटी ‘शंकासमाधान, दहा मिनिटे’ असे लिहिले आहे. ते सत्राच्या शेवटून काढ, आणि दर आठ-दहा मिनिटांनी शिक्षकांनी उचलावे असे काहीतरी निश्चित काम त्यांच्यापुढे सोडण्याची तजवीज कर.

मात्र कीर्तनातला हा सामुदायिक स्वर पडद्यावर जसाच्या तसा आणता येत नाही, आणि त्यामागचे कारण समजून घेतलेस तर पुढच्या अनेक गोष्टी आपोआप सुचतील. समोरासमोर बोलताना एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, याची जपानीपासून डॅनिशपर्यंत दहा भाषांत केलेली मोजणी २००९ साली प्रसिद्ध झाली, आणि ते अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतके भरले. इतक्या सूक्ष्म तालावर मनुष्याचे साधे संभाषण चालते. आता आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे आवाज एका बाजूकडून दुसरीकडे दीडशे मिलिसेकंदांच्या आत पोहोचला तर बहुतेक बोलण्याला बाधा येत नाही. पण पाटण किंवा जावळीच्या डोंगराळ भागात, त्यातून पावसाळ्यात, मोबाइलच्या जाळ्यावरून येणारा आवाज ही मर्यादा पाळीलच असा भरवसा कोण देणार? म्हणून दोघे एकाच वेळी बोलू लागतात, दोघेही ‘तुम्ही बोला’ म्हणून थांबतात, मग दोघेही गप्प राहतात, आणि त्यांतला जो मुळात भिडस्त असतो तो त्या दिवशी पुन्हा तोंड उघडत नाही. शिवाय गोंगाट गाळण्यासाठी बसवलेली यंत्रणा एका वेळी एकाच आवाजाला वाव देऊ पाहते. तेव्हा तुझ्या दुसऱ्या सत्रातला सर्वांनी मिळून एका सुरात म्हणण्याचा उपक्रम वगळ. साठ आवाज साठ निरनिराळ्या वेळी पोहोचून नुसता गलका होईल. आणि तोंडी बोलायचे असेल तेथे पाळी तूच नेमून दे. ‘आधी कराडच्या मॅडम, त्यांच्यानंतर फलटणचे सर’ असे दोन नावे पुढे ठेवून सांगितलेस म्हणजे दुसऱ्याला तयारीला अवधी मिळतो आणि कोणी कोणाच्या बोलण्यावर आदळत नाही.

प्रश्न विचारल्यानंतर थांबणे ही तर स्वतंत्र विद्या आहे. मेरी बड रो या अमेरिकन विज्ञानशिक्षणतज्ज्ञ विदुषींनी वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासून १९७४ साली दाखवून दिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच वाट पाहतात, आणि तीच वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली तर उत्तरे लांब व विचारपूर्वक येऊ लागतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. पडद्यासमोर तीन सेकंदही अपुरे आहेत. शिक्षकाला प्रश्न वाचायचा, विचार करायचा, बोटाने मराठी टंकायचे आणि आपले शुद्धलेखन साठ जणांना दिसणार म्हणून ते पुन्हा तपासायचे असते. त्यामुळे ‘आता दीड मिनिट कोणीही बोलणार नाही, मीही नाही’ असे आधीच जाहीर कर आणि घड्याळ समोर ठेवून ते काटेकोर पाळ. जाहीर न केलेली शांतता सर्वांना बिघाडासारखी वाटते. तीच आधी सांगून टाकली की विचार करण्याची परवानगी ठरते. याच वेळी आणखी एक नियम घाल : उत्तर चॅटमध्ये लिहून तयार ठेवायचे, पण मी ‘पाठवा’ म्हणेपर्यंत पाठवायचे नाही. असे केले नाही तर पहिल्याने जे लिहिले त्याच्याच ‘बरोबर’, ‘सहमत’ अशा नकला खाली उतरत जातात आणि साठ डोक्यांऐवजी एकाच डोक्याचा विचार तुझ्या हाती लागतो.

तरीही साठ जणांचा समूह हा चर्चेचा समूह नव्हेच. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषि-अभियंत्याने माणसे एकत्रितपणे ओझे ओढताना प्रत्येकाचे बळ मोजले, आणि १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार आठ जण मिळून ओढू लागले की दर माणशी बळ जवळजवळ निम्म्यावर येते. मानसिक श्रमाचीही गत निराळी नाही, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. म्हणून मुख्य काम चौघाचौघांच्या गटांत होऊ दे. झूममध्ये त्यासाठी ब्रेकआउट रूमची सोय असते हे तुला ठाऊकच आहे. पण सोय असणे निराळे आणि तिचा बंदोबस्त असणे निराळे. त्या छोट्या कक्षात पाठवले जाताच मुख्य पडद्यावर दाखवलेला प्रश्न शिक्षकाच्या नजरेआड होतो, आणि चार अपरिचित माणसे ‘नेमके काय करायचे होते?’ याच चर्चेत आपली सहा मिनिटे घालवतात. तेव्हा काम एका वाक्यात लिही, ते वाक्य गट पाडण्यापूर्वी सर्वांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाक, आणि परत येताना काय आणायचे तेही त्यातच नमूद कर. गटातर्फे कोणी बोलायचे हे आपसात ठरवायला सांगितलेस तर सेवाज्येष्ठ शिक्षकच नेहमी बोलतील. त्याऐवजी ‘ज्यांची शाळा तालुक्याच्या गावापासून सर्वांत दूर ते मांडतील’ असा काहीतरी निकष दे, म्हणजे वाड्यावस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेतला आवाज आपोआप पुढे येईल. असा आवाज जिल्ह्याच्या बैठकीत फार क्वचित ऐकू येतो, आणि बहुवर्ग अध्यापनाचा जो अनुभव त्याच्यापाशी असतो तो शहरातल्या कोणाजवळही नसतो.

आता एक नाजूक बाब लिहितो. सत्राला केंद्रप्रमुख उपस्थित राहतील, कदाचित गटशिक्षणाधिकारीही डोकावतील, आणि त्यांचे नाव पडद्यावर झळकताच शिक्षकांची भाषा पालटेल. ‘माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना हे येत नाही’ असे म्हणणारा माणूस ‘समाधानकारक प्रगती आहे’ असे म्हणू लागेल. हा त्या अधिकाऱ्यांचा दोष आहे असे मी म्हणत नाही, कारण त्यांतले कित्येक स्वतः उत्तम शिक्षक होते. पण ज्याच्या हाती गोपनीय अहवाल, त्याच्यापुढे अडचण उघड करणे कोणालाही जड जाते, आणि अडचण उघड झाल्यावाचून या विषयात एक पाऊलही पुढे पडत नाही. यासाठी वरिष्ठांना आधीच आदरपूर्वक दूरध्वनी कर. सर्व केंद्रप्रमुखांचा मिळून एक स्वतंत्र गट ठेव, तेच काम त्यांनाही करू दे, आणि साहेबांना आरंभीच्या औपचारिक भाषणाऐवजी अखेरीस, शिक्षकांनी काय शोधून काढले ते ऐकण्यासाठी, पाचारण कर. तू स्वतःही गटागटांत फार फिरू नकोस. तू आत येताच तेथील बोलणे थबकते आणि माना तुझ्याकडे वळतात. पंधरा गटांत फिरणे तसे शक्यही नाही. प्रत्येक गटाने आपला निष्कर्ष लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवला म्हणजे तुला बाहेर बसून सारे कळेल. आणि जे प्रश्न नाव घेऊन विचारणे अवघड, त्यांच्यासाठी निनावी मतनोंदणीचा उपयोग कर. ‘अपूर्णांकांची बेरीज शिकवताना आपल्या स्वतःच्या मनात गोंधळ होतो का?’ हा प्रश्न निनावीच विचारला पाहिजे, आणि तो विचारलाच पाहिजे.

हे सारे पहिल्या सत्रात प्रत्यक्ष कसे उतरेल ते मला दिसते तसे लिहितो. सत्रापूर्वी तीन दिवस प्रत्येक शिक्षकाला कळव, की आपल्या वर्गातील एखाद्या मुलाच्या वहीचे, अपूर्णांकाचे उत्तर चुकलेले एक पान, मुलाचे नाव झाकून, जवळ ठेवावे; आणि वहीच्या कागदाच्या एकाच मापाच्या चार लांब पट्ट्या कापून ठेवाव्यात. एवढ्यानेच साठ माणसे तुझ्याकडे श्रोते म्हणून न येता सामग्री घेऊन येतील. प्रारंभी प्रास्ताविक, स्वागत, परिचय यांत वेळ न घालवता घड्या घालून एका पट्टीचे दोन समान भाग, दुसरीचे तीन, असे करायला सांग, आणि दोन्ही पट्ट्या एकाखाली एक धरून ‘तिसरीतले मूल एक तृतीयांश अर्ध्याहून मोठे का म्हणते?’ हे लिहायला लाव. तीन हा दोनापेक्षा मोठा, म्हणून. हे सर्वांना ठाऊक असते, पण पट्टी हातात धरून मुलाच्या बाजूने विचार करताना त्या चुकीमागचा तर्क प्रथमच मनाला भिडतो. मग गटांत वहीची पाने निघू देत. त्यांत एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, हे उत्तर तुला हटकून सापडेल, कारण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याचा मोह जगभरच्या मुलांना पडतो. येथे ‘हे कसे दुरुस्त कराल?’ असे विचारू नकोस. तसे विचारलेस की शिक्षक लसाविची रीत म्हणून दाखवतील आणि चर्चा संपेल. ‘मुलाच्या मनात काय चालले असेल?’ असे विचार. आणि गट परतल्यावर एकच सूचना दे, की उरलेल्या दोन पट्ट्यांपैकी एकीचे घड्या घालून पाच समान भाग करावेत आणि त्यांतले दोन भाग पहिल्या पट्टीच्या अर्ध्याशेजारी धरावेत. दोन पंचमांश अर्ध्याहून आखूड भरतात. म्हणजे अर्ध्यात आणखी काही मिळवले आणि उत्तर अर्ध्यापेक्षाही कमी आले! पाच समान भाग पाडणे सोपे नाही, त्यासाठी वेळ लागेल, कोणाच्या घड्या वाकड्या पडतील. पडू देत, वर्गातही पडणार आहेत, आणि मोजपट्टीने पाच भाग आखून घेण्याची कल्पना त्यांच्यातलाच कोणीतरी सुचवील. यानंतर जी शांतता पडेल ती मोडू नकोस. त्या क्षणी शिक्षक आपापल्या वर्गात पोहोचलेले असतात. समच्छेदाची गरज का, हे आता तुला दहा मिनिटांत सांगता येईल, आणि तेवढेच तुझे व्याख्यान. पाऊण मसुदा यामुळे गळून पडेल, पण त्याची हळहळ वाटून घेऊ नकोस.

कॅमेऱ्याविषयी तू विचारले आहेस. सर्वांनी चेहरा दाखवलाच पाहिजे असा हुकूम काढू नये, हे माझे ठाम मत आहे. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली अशा बैठकांत येणाऱ्या थकव्याची कारणे मांडली : अनेक डोळे फार जवळून आपल्यावर रोखल्याचा भास, स्वतःचाच चेहरा सतत समोर असणे, एका जागी खिळून बसावे लागणे, आणि देहबोली वाचण्यासाठी मनावर पडणारा अतिरिक्त ताण. याखेरीज आपल्या शिक्षिकांपैकी कित्येक जणी घरच्या एकाच खोलीतून, मागे सासूबाई, मुले, स्वयंपाक असा संसार चालू असताना बसलेल्या असतात, आणि तो पडदा त्यांनी आपल्या मर्जीनेच उघडावा किंवा न उघडावा. चेहऱ्याऐवजी हातातले काम मागावे : पट्टी कॅमेऱ्यासमोर धरा, वहीचे पान दाखवा. चेहरा दाखवायला नकार देणारा माणूस पट्टी मात्र आनंदाने दाखवतो. स्वतःचे चित्र स्वतःपुरते झाकून ठेवण्याची सोय असते, तीही आरंभी शिकवून टाक.

बहुतेक सर्वजण मोबाइलवरच असतील हे गृहीत धरून आखणी कर. तुझ्या लॅपटॉपवर पंचवीस चेहरे दिसत असताना त्यांना जेमतेम चार दिसतात, तुझी बारीक अक्षरांतली सारणी त्यांना मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते, आणि उत्तरासाठी तू दिलेला दुवा उघडण्याकरिता त्यांना सत्र सोडून बाहेर जावे लागते. एका पडद्यावर एकच वाक्य, ठळक अक्षरांत. एका सत्रात एकच बाहेरचे साधन, किंबहुना तेही नसले तर उत्तम. एकेका फोनभोवती शाळेतले तिघेचौघे बसलेले असतील तर त्यांना वेगळ्या कक्षात पाठवू नकोस, त्यांचा गट जागेवरच तयार आहे. आणि तांत्रिक अडचणी सोडवायला, बाहेर पडलेल्यांना आत घ्यायला एक सहकारी स्वतंत्र नेम. शिकवणाऱ्याने मध्येच ‘आवाज येतोय का?’ विचारीत बसू नये.

हजेरीसाठी चॅटमध्ये नाव आणि शाळेचे नाव लिहिण्याचा जो प्रघात पडला आहे, तो बंद करता आला तर पाहा. वहीच्या पानाचा आणि गटाच्या निष्कर्षाचा फोटो हाच उपस्थितीचा दाखला धरावा, अशी शिफारस प्राचार्यांकडे लेखी कर. मंजूर होण्यास हरकत दिसत नाही. सत्र सव्वा तासापेक्षा लांबवू नकोस. विनामूल्य खात्यावर गटाची बैठक चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडते, तेव्हा संस्थेचे अधिकृत खाते सुरू असल्याची खात्री आदल्या आठवड्यातच करून घे. वेळ शाळा सुटल्यानंतरची धरलीस ते ठीकच आहे, पण बाजाराचा दिवस टाळ.

पहिल्या सत्रापूर्वी चार-पाच ओळखीच्या शिक्षकांना घेऊन त्याची एक रंगीत तालीम कर, आणि तीत त्यांच्यापैकी एकाला मुद्दाम ग्रामीण भागातून, केवळ फोनवरून सामील व्हायला सांग. नवा मसुदा पाठवशील तेव्हा पाचही सत्रांचा पाठवू नकोस. फक्त पहिल्याचा पाठव, कारण दुसरे कसे असावे ते पहिल्यात आलेल्या वहीच्या पानांवरूनच ठरेल. ती पाने जपून ठेव. त्यांची नक्कल मलाही पाहायला मिळाली तर फार बरे होईल. चौथीतली मुले आता कोणत्या वाटांनी चुकतात ते जाणून घेण्याची मला उत्कंठा आहे.

मामी आशीर्वाद सांगते. तुझ्या आईला माझा निरोप सांग की लोणच्याची बरणी वाईच्या एस. टी.ने येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर पाठवीत आहे.

कळावे.

तुझा,
मामा